दीड फेरा

‘मध्यम मार्ग’ हे दोन शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाले आहेत. शाळेच्या समितीची बैठक असो, वाड्यातली भाऊबंदकी असो की सीमाभागातल्या एखाद्या सभेचा ठराव असो, आवाज चढू लागले की कोणी तरी ज्येष्ठ गृहस्थ घसा खाकरून म्हणतात, “जाऊ द्या हो, मधला मार्ग काढा.” मग एकाच्या मागणीत दुसऱ्याची मागणी मिळवायची, बेरजेला दोनाने भागायचे आणि चहा मागवायचा. तीस वर्षांच्या नोकरीत या मार्गावरून मी पुष्कळ चाललो आहे. सहलीची वर्गणी ठरवायची असेल तर हा रस्ता बराही आहे. एक जण दोन हजार म्हणतो, दुसरा हजार म्हणतो, दीड हजारात सहल होऊन जाते आणि कोणाचे काही बिघडत नाही. पण जिथे आकड्यांच्या जागी माणूस असतो, तिथे हा भागाकार चालतो का, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळत आला आहे. यंदा तो अगदी दारात येऊन उभा राहिला.

दहावीतला एक मुलगा जून-जुलैत मिळून सव्वीस दिवस गैरहजर होता. हुशार म्हणावा असा नाही, मठ्ठ तर मुळीच नाही. आजोबांच्या गॅरेजात काम करतो, एवढेच समजले होते. वर्षाची पंचाहत्तर टक्के हजेरी भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि या गतीने गेला तर ती भरणार नाही, हे उघड होते. ऑगस्टच्या बैठकीत विषय निघाला. एक सभासद म्हणाले, नियम तो नियम, दाखला हातात द्या, म्हणजे इतरांना जरब बसेल. दुसरे म्हणाले, गरिबाचे पोर आहे, हजेरी लावून टाका, तुमच्या खिशातले काय जाते? आणि मग अपेक्षेप्रमाणे घसा खाकरला गेला. “मधला मार्ग काढा. तेरा दिवस हजर दाखवा, तेरा गैरहजर राहू द्या.”

सगळ्यांना हे पटले. सव्वीसचे निम्मे तेरा, यात चूक कुठे आहे? मी मात्र आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या गॅरेजात गेलो.

हुबळीचे आणि वाहनांचे नाते बाहेरच्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. पुण्याहून बेंगळूरला जाणारा हमरस्ता इथून जातो, सोलापूर-विजापूरकडून येणारा रस्ता इथूनच अंकोल्याच्या समुद्राकडे उतरतो, आणि गदग-बळ्ळारीकडची वाट इथेच फुटते. एके काळी याच टापूतला कापूस घाट उतरून कुमठ्याच्या बंदरावर जायचा आणि तिथून परदेशी रवाना व्हायचा, म्हणून त्या कापसाचे नावच ‘कुमठा’ पडले. पिकले धारवाडात आणि नाव लागले बंदराचे! १९७६ साली गदगला एका ट्रकवर सुरू झालेला विजय संकेश्वरांचा व्यवसाय पुढे हुबळीत येऊन देशभर पसरला, तोही याच रस्त्यांच्या जोरावर. अशा गावात गॅरेजांना तोटा नाही. जुन्या हुबळीकडे वळणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या छपराखाली, असेच एक गॅरेज. मिस्त्री सत्तरी ओलांडलेले. त्यांच्यापुढे त्या संध्याकाळी एक जुना फार्गो ट्रक बॉनेट उघडून उभा होता.

फार्गो हे नाव आजच्या मुलांना परके आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात स्वातंत्र्यानंतर डॉज आणि फार्गो या नावांचे ट्रक जुळवले जाऊ लागले. हा ट्रक १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. तो रस्त्यावर आला तेव्हा हुबळी मुंबई राज्यात होती. १ नोव्हेंबर १९५६ ला गाव जागचे न हलता दुसऱ्या राज्यात गेले. ट्रकही गेला आणि आम्हीही गेलो. त्या काळातल्या पुष्कळ ट्रकांची पेट्रोल इंजिने मालकांनी पुढे काढून टाकली आणि त्या जागी डिझेलची बसवली, कारण पेट्रोल पिणारा ट्रक परवडेनासा झाला. हा एक वाचला. लाकडाचा व्यापार करणाऱ्या एका घराण्यात ‘आजोबांची पहिली गाडी’ म्हणून तो ठेवला गेला आहे. खंडेनवमीला झेंडूच्या माळा घालून बाहेर काढतात, आणि एखाद्या वर्षी घरातली पोरेबाळे घेऊन गोकर्णाला जाऊन येतात. त्याच तयारीसाठी तो मिस्त्रींकडे आला होता. मी ज्या कामासाठी गेलो होतो ते बाजूला ठेवून तासभर नुसता बघत उभा राहिलो.

कार्बोरेटर ही वस्तू आता झपाट्याने हद्दपार होत आहे, म्हणून दोन शब्द सांगतो. इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धेच खरे आहे. एक लिटर पेट्रोल जळायला नऊ-दहा हजार लिटर हवा लागते. वजनाने पाहिले तर एक भाग पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा. ही हवा आणि हे पेट्रोल एकमेकांत कालवण्याचे भांडे म्हणजे कार्बोरेटर. १८९३ च्या सुमारास विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने फवारा उडवणाऱ्या कार्बोरेटरचा घाट घातला आणि शंभर वर्षे सगळे जग त्याच घाटावर चालले. यातली युक्ती साधी आहे. हवेची वाट मध्येच अरुंद करायची. अरुंद जागेत हवा वेगाने धावते, वेग वाढला की दाब उतरतो, आणि उतरलेला दाब शेजारच्या वाटीतले पेट्रोल एका बारीक भोकातून वर ओढून घेतो. त्या भोकाला जेट म्हणतात. ट्रक जागेवर उभा असताना इंजिन सावकाश फिरत ठेवायचे, तर त्या वेळच्या पेट्रोलची मात्रा एका लहानशा स्क्रूवर ठरते. आत घेतला की पेट्रोल कमी, बाहेर काढला की जास्त. मला सांगायचे आहे ते या स्क्रूविषयी.

मिस्त्रींनी आधी त्या स्क्रूला हातच लावला नाही. अर्धा तास ते प्लग, पॉइंट आणि टायमिंग यांतच होते. मी विचारले तेव्हा म्हणाले, “सर, धा गाड्या कार्बोरेटर बिघडला म्हणून येत्यात, त्यातल्या सात गाड्यांचा कार्बोरेटर चांगला असतो. दुखणं भलतीकडं आणि औषध हिकडं.” एका नळीचा जोड सैल होता आणि तिथून चोरवाटेने हवा आत जात होती, तो त्यांनी आवळला. गळका जोड तसाच ठेवून स्क्रू कितीही फिरवला तरी गाडी सुधारत नाही. थोड्या वेळापुरती सुधारल्यासारखी वाटते, एवढेच.

मग इंजिन चांगले तापू दिले. थंड इंजिनावर केलेली जुळणी खोटी ठरते. नंतर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवला आणि तिथून मोजून दीड फेरा बाहेर काढला. मला वाटले, झाले काम. दीड हा आकडा कुठे तरी लिहिलेला असणार आणि मिस्त्रींना पाठ असणार. त्यांनी हसून मान हलवली. “दीड फेरा म्हंजे सुरुवात की हो. उत्तर न्हवं.”

पुढे जे झाले ते मला एखाद्या तत्त्वज्ञानाच्या तासापेक्षा अधिक काही शिकवून गेले. त्यांनी स्क्रू हळूहळू आत घेतला. इंजिनाचा आवाज काही काळ तसाच राहिला, मग त्याला धाप लागली आणि ते विझायच्या बेताला आले. तिथून उलट फिरवत बाहेर काढत गेले. आवाज सुधारला, भरला, सुरळीत झाला. तरीही ते बाहेरच काढत राहिले, आणि मग आवाज जड होऊन लडबडू लागला, मागे काळसर धूर दिसला. आता दोन्ही टोके कळली होती. मग परत आत, परत बाहेर, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी अंतर. शेवटी स्क्रू जिथे थांबला ती जागा दोन टोकांच्या बरोबर मध्यावर नव्हती. धुराच्या टोकाकडे ती थोडी कललेली होती.

“मधी न्हाई ठेवलं?” मी विचारले. सीमाभागात बोलताना आपली भाषाही समोरच्या भाषेत जराशी कालवली जाते.

“मधी म्हंजे अर्ध्यात न्हवं सर. गाडीला बरं वाटतंय तिथं.”

एम. ए. च्या वर्षात नीतिशास्त्राची जी पुस्तके वाचली, त्यांत ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण होते. दहा शेर अन्न एखाद्याला फार होते आणि दोन शेर कमी पडते, म्हणून तालमीचा वस्ताद त्याला सहा शेर सांगेल असे नाही. मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला सहा शेर कमी पडेल, आणि नव्याने तालमीत उतरलेल्या पोराला तेच अंगावर येईल. (मूळ ग्रीक माप वेगळे आहे, शेर मी आपल्या सोयीसाठी वापरला.) गणितातला मध्य सर्वांना सारखा असतो, आचरणातला मध्य ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे शोधावा लागतो, असा त्याचा मुद्दा. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिले होते आणि गुणही मिळवले होते. त्याच प्रकरणात तो पुढे म्हणतो की मध्य पुष्कळदा एका टोकाला अधिक जवळ असतो. धैर्य हे भित्रेपणापेक्षा आततायीपणाच्या जवळचे. आणि नेमका मध्य कुठे, याचा निवाडा सूत्र करत नाही, त्या त्या प्रसंगीची जाणीव करते. मिस्त्रींनी ॲरिस्टॉटल वाचलेला नाही. तरी स्क्रू धुराकडे कललेला होता.

तो तसा का, हे त्यांनी सांगितले ते महत्त्वाचे आहे. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काजळतो, धूर येतो, वास येतो, खर्च वाढतो. चांगल्या गोष्टी नव्हेत या. फार दिवस तसेच चालले तर सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुतले जाते आणि इंजिन झिजते. पण ही चूक लपत नाही. मागून येणारा सायकलवालासुद्धा ओरडून सांगतो. पेट्रोल कमी झाले तर? धूर नाही, वास नाही, मालक खूश, कारण लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळतात. प्लग काढून पाहिला तरच पांढरा फटक दिसतो. चांगल्या जुळणीचा प्लग चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचा असतो. इंजिन आतून तापत राहते आणि एके दिवशी घाट चढताना व्हॉल्व्ह जळतात. मिस्त्री अशा गाडीला ‘उपाशी’ म्हणतात. “धूर सोडणारी गाडी लई लवकर मरत न्हाई सर. उपाशी चालती आणि हूं का चूं करत न्हाई, ती मरती.”

म्हणजे दोन चुका सारख्या तोलाच्या नाहीत. एक सगळ्यांना दिसते आणि तिच्याबद्दल बोलणी खावी लागतात. दुसरी दिसत नाही, उलट तिच्याबद्दल शाबासकी मिळते. शाळेत काय होते? सैल मुख्याध्यापकाची शाळा लांबूनच ऐकू येते. पालक तक्रार करतात, अधिकारी ताशेरे ओढतात, आणि चूक चार महिन्यांत तरी सुधारते. करड्या मुख्याध्यापकाच्या शाळेत व्हरांड्यात टाचणी पडली तरी आवाज येतो. कोणी तक्रार करत नाही. कोण आतून तापते आहे हे समजायला दर मुलाचा प्लग काढून पाहावा लागतो, आणि तेवढा वेळ कोणाला आहे? घरातही असेच असते. लाडावलेला मुलगा चारचौघांत बापाची लाज काढतो. दबलेल्या मुलाचे मात्र सगळे कौतुक करतात. ‘मधला मार्ग’ काढणारे दोन्ही टोकांना समान अंतरावर धरतात, तेव्हा ते ही गोष्ट विसरतात असे मला वाटते.

आमच्या या भागाला जुळणी हा शब्द नवा नाही. ज्या गावांनी गंगूबाई हनगल आणि मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, तिथे तंबोरा जुळवणे म्हणजे काय हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात. घोडीच्या माथ्यावर तारेखाली सुताचा एक बारीकसा धागा असतो, तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. अलीकडे तार मुकी, पलीकडेही मुकी, आणि मध्ये कुठे तरी एका जागी ती एकदम उघडते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण धागा कुठे थांबवायचा याचे मानांकन कोणत्याही कागदावर उतरणार नाही. अंगुत्तर निकायात सोण नावाच्या भिक्षूची कथा आहे. पायांतून रक्त येईपर्यंत तो साधना करी आणि काही हाती लागेना, तेव्हा बुद्धाने त्याला त्याच्याच पूर्वायुष्यातल्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर वाजत नाही, फार सैल सोडली तरी वाजत नाही. सोण स्वतः वीणा वाजवणारा होता, म्हणून त्याला ही गोष्ट समजली. आपण ती व्याख्यानात ऐकतो आणि दोनाने भागतो.

कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. खरे आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना जे कडक प्रदूषण-नियम लागले, त्यांनंतर आपल्याकडच्या बहुतेक दुचाकींतूनही कार्बोरेटर गेला. मोटारींतून तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. आता धुराच्या नळीत एक संवेदक बसवलेला असतो, तो उरलेला प्राणवायू मोजतो आणि पेट्रोलची मात्रा यंत्रच ठरवते. बॉश कंपनीने असा संवेदक १९७६ साली बाजारात आणला. मला वाटायचे, यंत्राला एकदा बरोबर प्रमाण सापडले की ते तिथे स्थिर राहत असेल. हे शिकवणाऱ्या एका मित्राने समजावले, तसे नाही. या साध्या संवेदकाला ‘जास्त आहे’ आणि ‘कमी आहे’ एवढेच कळते. म्हणून यंत्र थोडे जास्त देते, मग थोडे कमी, मग पुन्हा जास्त. गाडी चालू आहे तोवर दर क्षणाला हा झोका चालूच असतो. मिस्त्री जे सकाळी एकदा करतात ते यंत्र दिवसभर करत बसते. मध्य सापडला म्हणून हात काढून घेण्याची सोय त्यालाही नाही.

आणि हात काढून घेता येतच नाही. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास, धारवाड त्याहूनही उंच. इथे जुळवलेला ट्रक अरबैल घाट उतरून अंकोल्याला गेला की तिथली हवा दाट लागते आणि इथले बरोबर प्रमाण तिथे किंचित उपाशी होते. पूर्वीचे ड्रायव्हर, मिस्त्री सांगतात, घाटाखाली थांबून स्क्रू जरासा सोडत आणि परत वर आले की आवळत. आता तर पेट्रोलच बदलले. २०२५ सालापासून देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. आमच्या बेळगाव भागातल्या उसाचाही त्यात वाटा आहे. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. निव्वळ पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा लागत असे, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वीच्या जेटवर, सत्तर वर्षांपूर्वीच्या मापाने, आजची गाडी आपोआप उपाशी पडते. स्क्रू कोणी हलवलेला नसतो. जग हललेले असते. जुने नियम जसेच्या तसे पाळणाऱ्यांचा माझा एक स्नेही-वर्ग आहे, त्यांना हे मी आवर्जून सांगतो. पटते की नाही ठाऊक नाही.

आता त्या मुलाविषयी. स्क्रू मिस्त्रींच्या हातात होता, हे मी लिहिले. पण मुलगा मडगार्डवर तळवा टेकून, डोळे मिटून उभा होता आणि एक बोट वर-खाली करत होता. मला आधी वाटले, पोर खेळते आहे. थोड्या वेळाने ध्यानात आले की आज्जांची नजर इंजिनावर नाही, त्या बोटावर आहे. डाव्या बाजूने मी विचारलेल्या दोन प्रश्नांना त्यांनी उत्तर दिले नव्हते, त्याचाही उलगडा झाला. पन्नास वर्षे इंजिनांच्या गोंगाटात उभे राहून त्यांचे कान गेले होते. जाडा आवाज येतो, बारीक येत नाही, आणि जुळणीचे सारे मर्म त्या बारकाव्यात. “गिऱ्हाइकाला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले. (आता माहीत झाले आहे, आणि लिहायला त्यांची ना नाही.) त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइके म्हणजे जुन्या स्कूटरी, जुन्या मोटारसायकली, एखादी ओम्नी, एखादी जीप, सगळी कार्बोरेटरवाली, आणि सगळी कचेरीच्या वेळेआधी, सकाळी नऊच्या आत दारात. कान शाळेत गेले की गॅरेज बहिरे.

सव्वीस दिवसांचे कारण हे होते. यावर तेराचा तोडगा कसा बसवायचा?

ॲरिस्टॉटलनेच आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे. काही कृत्यांना मध्यच नसतो. चोरी बेताने केली, योग्य वेळी केली, म्हणून ती बरी होत नाही. हजेरीपटावर तेरा दिवस खोटे लिहिणे हा सव्वीस दिवस खोटे लिहिणे आणि एकही न लिहिणे यांतला मध्य नव्हे. तो गळका जोड आहे. तो आधी आवळायचा, मग स्क्रूचा विचार. पुढच्या बैठकीत मी सांगितले की पटावर आहे तेच राहील, सव्वीसच्या सव्वीस गैरहजेऱ्या. दाखला देण्याचा प्रश्नच नाही, कारण वर्षाच्या हिशेबाने अजून जागा शिल्लक आहे. पुढचे मी आणि मिस्त्री पाहू. एक सभासद नाराज झाले, दुसरेही झाले. मध्यममार्गी गृहस्थ सर्वांत जास्त नाराज झाले.

मिस्त्रींशी मी पहिला करार केला तो दीड फेऱ्याचा होता, म्हणजे सुरुवातीचा. मुलाने एकही दिवस चुकवायचा नाही. जुळणीची कामे साडेचारनंतर आणि रविवारी. दोन आठवडे हजेरी पूर्ण भरली. पण तेवढ्या काळात आज्जांनी अंदाजाने जुळवलेल्या दोन स्कूटरी परत आल्या आणि चार गिऱ्हाइके समोरच्या गॅरेजात गेली. पटावर सगळे छान दिसत होते. मुलाचा चेहरा मात्र पांढऱ्या प्लगसारखा झाला होता. म्हणून थोडा सोडला: मंगळवारी आणि शुक्रवारी शेवटचे दोन तास त्याने जायचे, आणि त्याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी रीतसर लागायची. गणिताचे सर तक्रार घेऊन आले, शुक्रवारचा तास त्यांचा होता आणि पोर बीजगणितात मागे पडत होते. त्यांचे खरे होते. शुक्रवार बंद केला. मंगळवारचा बुधवार केला, कारण बुधवारी शेवटी चित्रकला आणि खेळ असतात. यावर चित्रकलेचे सर माझ्याशी तीन दिवस बोलले नाहीत, तेही खरे. शनिवारी शाळा सकाळची सुटते, तेव्हा दुपार त्याची. मिस्त्रींनी गिऱ्हाइकांना स्पष्ट सांगून टाकले की बारीक जुळणी बुधवारी, शनिवारी आणि रविवारीच होईल, कारण कान तेव्हाच असतात. गेलेल्या चारांपैकी तीन परत आली.

फार्गो दसऱ्यानंतर गोकर्णाला जाऊन आला. अंकोल्याला पोचल्यावर मुलाने स्क्रू पाव फेरा सोडला होता, असे मालकांनी कौतुकाने सांगितले. त्यासाठी बुडालेला सोमवार मी पटावर मांडला आहे. दसऱ्याच्या सुट्टीनंतर बेरीज पुन्हा केली. नियमाच्या रेषेपर्यंत अजून सोळा दिवस हाताशी आहेत, बीजगणित अजून कच्चे आहे, आणि डिसेंबरात थंडी पडली की जुन्या गाड्या सकाळी सकाळी अडून बसतात. तेव्हा पुन्हा एकदा बसू, असे मिस्त्रींनी सांगून ठेवले आहे.